गळ्यातली शीर

जलशात वरचा सूर लावला की माझ्या मानेच्या उजव्या बाजूला लिंबाएवढा फुगा यायचा. गप्प बसलो की गायब. पोरं म्हणायची, "शाहीर, गळ्यात बेडूक बसलंय तुमच्या." आई म्हणे गंडमाळ. लेप झाले. मग तालुक्याचा डॉक्टर.

त्यानं आडनाव विचारलं, वस्ती विचारली. टेबलापलीकडूनच म्हणाला, "मान वळव." झालं. टीबीची गाठ. सुईनं नमुना घेऊ, सहा महिने गोळ्या. आमच्या वस्तीत टीबी आहेच, म्हंजे अंदाज अगदीच येडा नव्हता. पण दोस्तहो, टीबीची गाठ गाणं थांबल्यावर आत जात नाही. दोन बोटं लावली असती तर कळलं असतं. बोटंच लावली नाहीत.

शहरातल्या सरकारी दवाखान्यातल्या तरण्या डॉक्टरीणबाईनं थेट मानेवर हात ठेवला. "नाक-तोंड मिटून जोर लावा, दादा." ही युक्ती वाल्साल्वा नावाच्या इटालियन माणसाची, १७०४ सालच्या त्याच्या कानावरच्या ग्रंथातली. छातीत दाब चढतो, मानेतलं रक्त खाली उतरायला अडतं, शीर फुगते. फुगा आला. दाबला तर बसला. ठोका लागत नव्हता, म्हणजे धमनी नव्हे. कलर डॉपलरवर दिसलं ते असं: कातडीखालच्या शिरेला पिशवी आलेली, आत रक्त संथ फिरतंय. तिच्यात सुई घातली असती तर नमुना कसला, रक्तच आलं असतं.

आजार विरळा. लेकरांत बहुधा नुसती नजर ठेवतात. आतली मोठी शीर असली तर सर्जनही सहसा कापायच्या भानगडीत पडत नाहीत. माझी वरची होती, वाढत होती, दुखत होती. गुठळी धरायची भीती होती. माझा सवाल एकच: आवाज? बाई म्हणाल्या, आवाजाची नस खोल, श्वासनळीला लागून. आपण तिथवर जातच नाही.

टेबल डोक्याकडं खाली कलतं ठेवतात, कापलेल्या शिरेतून हवा आत ओढली जाऊ नये म्हणून. वरचं टोक बांधलं, खालचं बांधलं, मधली पिशवी काढली. रक्ताला बाकीच्या वाटा आहेतच. शेजारून कानाकडं जाणारी नस तेवढी दुखावली. पाळी अजून बधिर आहे. गाताना कळत नाही, दाढी करताना कळतं.

परवा शेजारच्या पोरीच्या मानेत गाठ आली. तिची टीबीचीच असेल, कोण जाणे. तिच्या आईला म्हटलं, डॉक्टरनं हात लावल्याबिगर उठू नको. आणि एकटी जाऊ नको, मी येतो.