टॉबीला दिसले तरी काय?

आपल्या वसतिगृहामागे नाला आहे आणि नाल्यापलीकडे गावाची स्मशानभूमी. हिवाळ्यात मध्यरात्री तिकडची कुत्री एका सुरात रडू लागली की लहान मुले पांघरूण डोक्यावर ओढून घेतात. येथे राहून गेलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी क्वचितच कोणी ती रात्र विसरला असेल. आम्ही सहा वर्षे अधीक्षक म्हणून त्याच इमारतीत राहिलो. अशा रात्रीनंतर सकाळी परिपाठाच्या वेळी एक प्रश्न हमखास येई, “सर, कुत्र्याला भुते दिसतात का?”

“नाही,” हे आमचे उत्तर ठरलेले असे. ते आजही बदललेले नाही. परंतु ते कसे द्यावे, हे आम्हांला फार उशिरा उमगले, आणि उमगले ते आमच्या घरच्या कुत्र्यामुळे.

आमच्या वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. त्यांनी जन्मभर शेतमजुरी केली. घराच्या भिंतीवर त्यांनी बाबासाहेबांचे राजगृहातील १९३४ सालचे कौटुंबिक छायाचित्र लावले होते. त्यात बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, वहिनी लक्ष्मीबाई व पुतणे मुकुंदराव आहेत, आणि बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे. दादा पाहुण्यांना एकेकाची ओळख करून देत आणि शेवटी टॉबीवर बोट ठेवून हसत. म्हातारपणी त्यांनी रस्त्यावरचे एक पिल्लू घरी आणले, तेव्हा त्याचे नाव आधीच ठरलेले होते. आईच्या तोंडी मात्र त्याचे ‘टोब्या’ झाले.

दादा २०१४ साली गेले. त्यानंतर टॉबी रोज दिवेलागणीला ओसरीतल्या त्यांच्या बाजेजवळ जाऊ लागला. बाजेवर दादांची गोधडी घडी करून ठेवलेली असे. तिच्यावर हनुवटी टेकून तो उभा राही आणि हळूहळू शेपूट हलवी. आई चुलीजवळून ते पाही आणि म्हणे, “तुझे दादा आले बसाले. टोब्याले दिसते.” शेजारच्या बायाही येऊन पाहू लागल्या.

आम्हांला ते सहन होईना. आमच्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांसोबत धम्मदीक्षा घेतली होती. श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा त्यांनी अखेरपर्यंत पाळली. पिंडाला शिवणाऱ्या कावळ्याने आमचे घर सोडले, त्याला ५८ वर्षे झाली होती. आता कावळ्याच्या जागी कुत्रा येऊन बसला, असे आमच्या मनाने घेतले. शिवाय त्या काळात आम्ही जरा जास्तच आवेशात होतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. गावोगाव जाऊन आम्ही त्या कायद्यावर व्याख्याने देत होतो. व्याख्यात्याच्याच घरी मृतात्मा येतो म्हणजे काय!

आम्ही आईला समजावले. माणसाला सेकंदाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंतचा. म्हणून आपल्याला शांत वाटणाऱ्या घरातही तो कान टवकारतो. कुत्र्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी वीस कोटींहून अधिक असतात, माणसाच्या नाकात पन्नास-साठ लाख. त्या बळावरच पोलिसांचे श्वानपथक माग काढते. कुत्र्याच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे त्याला अंधुक उजेडातही बरे दिसते. रात्री एक कुत्रा रडला की दुसरा त्याला साद देतो. ती त्यांची दूरवर निरोप पोहोचवण्याची रीत आहे. टॉबीला दादा दिसत नाहीत, गोधडीत त्यांचा वास उरला आहे, तेवढेच. आई ऐकत होती. शेवटी म्हणाली, “असंन. पन येतेत तं.”

दुसऱ्या दिवशी आई विहारात गेलेली असताना आम्ही ती गोधडी सोडा घालून भिजवली, नाल्यावर नेऊन आपटली आणि उन्हात वाळत घातली. संध्याकाळी टॉबी आला. घडीला नाक लावले, बाजेभोवती दोन फेऱ्या घातल्या आणि अंगणात जाऊन बसला. “पाहिलंस?” आम्ही आईला म्हणालो. प्रयोग यशस्वी झाला होता.

आईने गोधडी उचलून तोंडाशी धरली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “टोब्याले जे समजत होतं, ते मलेही समजत होतं रे. मीही रोज तिले तोंड लावून बसत होती.”

ते आम्हांला ठाऊक नव्हते. दादांचा वास आईलाही येत होता. ‘आत्मा’ हा तिचा शब्द होता, तो शब्द चुकीचा होता; पण त्या शब्दाने ती जे सांगत होती ते खरे होते. आम्ही शब्द खोडायला निघालो आणि त्याच्याबरोबर ते उरलेलेही धुऊन टाकले. टॉबी त्यानंतर बाजेकडे फिरकला नाही. आईने आमच्याजवळ दादांचा विषय पुढे कित्येक महिने काढला नाही.

येथे कोणी असे समजू नये की आम्ही भुतांना क्षमा केली. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी आहोत आणि भीतीलाही भूगोल असतो, हे आम्ही जाणतो. गावाने आपली भुते कोठे ठेवली, ते पाहावे : स्मशानात, नाल्याकाठी, शिवेवरच्या झाडावर. आणि आपल्या आज्यापणज्यांनाही गावाने तेथेच, गावकुसाबाहेर ठेवले. मयताचा सांगावा परगावी पोहोचवणे, सरणाची लाकडे वाहणे, मेलेली ढोरे ओढणे ही कामे त्यांच्याच माथी मारली. रात्री वेशीवर जागे असत ते महार आणि कुत्री. कुत्र्यांना भुते दिसत असती, तर ती आधी आपल्याच अंगणात दिसली असती. ज्या जागेची गावाला भीती वाटे, त्या जागेवर आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या जगले, निजले आणि त्यांनी लेकरे वाढवली. म्हणून भुताला ‘नाही’ म्हणणे हा आपल्यासाठी केवळ विज्ञानाचा प्रश्न नाही, तो स्वाभिमानाचाही आहे. शिवाय कुत्र्याच्या रडण्यावरून आजाऱ्याच्या मरणाचे भाकीत करणारे लोक त्याला दवाखान्याऐवजी भगताकडे नेतात, हेही आम्ही पाहिले आहे. तेथे गप्प बसणे हा गुन्हाच होय.

परंतु भीती वेगळी आणि दुःख वेगळे. दोन्हींच्या ओठांवर एकच प्रश्न असतो, म्हणून आमची फसगत झाली. किसा गोतमी मेलेले मूल कडेवर घेऊन तथागतांकडे आली, तेव्हा त्यांनी तिला अनित्यतेवर व्याख्यान दिले नाही. ज्या घरात कोणीच मेलेले नाही अशा घरून मोहरी आण, असे सांगितले. ती दारोदार फिरली आणि जे सत्य होते ते तिचे तिलाच कळले. प्रज्ञा, शील, करुणा हे शब्द आम्ही फळ्यावर शेकडो वेळा लिहिले असतील. आईच्या बाबतीत आम्ही पहिल्या शब्दावरच थांबलो होतो.

अधीक्षकपदाच्या शेवटच्या वर्षी सहावीतील एक मुलगा रात्री कुत्री रडत असताना आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. तोच जुना प्रश्न. आम्ही ‘नाही’ म्हणणार, इतक्यात त्याच्या वडिलांना जाऊन दोन महिनेही झाले नव्हते हे आठवले. आम्ही त्याला आत घेतले आणि विचारले, “तुला भीती वाटते, की कोणाची आठवण येते?” तो रडू लागला. कुत्र्याला दिसत असेल तर बाबा कसे आहेत ते त्याला विचारता आले असते, असे त्याचे म्हणणे होते.

आम्ही आधी त्याच्या बाबांविषयी सगळे ऐकून घेतले. ते बँडमध्ये ढोल वाजवीत. मग त्याला कुत्र्याच्या नाकाविषयी, कानाविषयी सांगितले आणि भूत नसते हेही सांगितले. त्याने ते नीट ऐकले. जाताना म्हणाला, “सर, माझ्या पेटीत बाबांचा शेला आहे. त्याला अजून वास येतो.”

“तो धुऊ नकोस,” आम्ही म्हणालो.

आई आता ऐंशीला टेकली आहे. टॉबीही राहिला नाही. ती गोधडी आम्ही या शाळेत आणली नाही. ती बाजेवर आहे, आई रात्री तीच पांघरते. या स्मरणिकेत पालकांना आणि येथून शिकून शिक्षक झालेल्या आमच्या विद्यार्थ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे : लेकरांना खरे तेच सांगा, निर्भयपणे सांगा. फक्त सांगण्याआधी त्यांच्या पेटीत काय आहे, ते विचारा.

जय भीम!