मारुती बघून घेईल

वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी बाहे नावाचं गाव आहे. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक इथला. कथा अशी की लंकेहून परतताना राम इथे पूजेला बसले आणि नदीला पूर आला. मारुतीने बाहू पसरून पाणी थोपवलं, प्रवाह दोन बाजूंनी गेला आणि मधे बेट राहिलं. बाहूंवरून बाहे. मला ही गोष्ट लहानपणी सांगलीच्या मावशीने सांगितली.

ऑगस्ट २०१९ मध्ये मात्र कुणी बाहू पसरले नाहीत. वर सातारा जिल्ह्यात पाऊस कोसळत होता, कोयना धरणाचे दरवाजे उघडलेले. कोयना कऱ्हाडला कृष्णेत मिसळते आणि ते सगळं पाणी खाली सांगलीला येतं. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. २००५ च्या पुराच्या खुणा केव्हाच बुडाल्या.

मावशी गावभागात, वरच्या मजल्यावर, एकटी. मी पुण्यात, लॅपटॉपसमोर. फोन लागला की ती दोनच गोष्टी सांगायची. पाणी कितव्या पायरीवर आहे ते, आणि "मारुती बघून घेईल." मग बॅटरी वाचवायला फोन बंद! जाम चिडचिड व्हायची माझी. आमच्या धंद्यात बॅकअप न घेता 'होईल सगळं नीट' म्हणणाऱ्याला कुणी उभं करत नाही.

पुरात अडकलेल्या भक्ताची गोष्ट तुम्हाला फॉरवर्ड होऊन आलीच असेल. तो देवाची वाट बघत नावेला परत पाठवतो, बुडतो, आणि वर गेल्यावर देव म्हणतो, "अरे, नाव मीच पाठवली होती." छान आहे. पण त्याच पुरात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नावच उलटली. डझनाहून जास्त माणसं गेली. त्यांनी तर नाव नाकारली नव्हती. त्यांच्यापुढे ती गोष्ट कशी सांगायची?

मावशीला दुसऱ्या दिवशी बोटीतून काढलं. पाणी उतरल्यावर चिखल उपसायला गेलो, तेव्हा मी हे तिला विचारलंच. मारुतीने तुझं बघितलं, मग त्यांचं का नाही?

ती खराट्याने गाळ ढकलत होती. म्हणाली, "मी पण विचारते त्याला. रोज विचारते." आणि थोड्या वेळाने, "चाफळचा राम कुठे सापडला माहितीये ना? अंगापूरच्या डोहात. समर्थांनी बुडी मारून वर काढला. देव स्वतःच पाण्याखाली होता रे."

हे डोक्यात राहिलं. नदी तीच. खाली सांगलीकडे बाह्याला देव माणसांसाठी पाणी अडवतो, वर साताऱ्याकडे अंगापूरला माणूस देवासाठी पाण्यात उतरतो. मावशीला दोन्ही गोष्टी पाठ होत्या, म्हणून पाणी येणारच नाही अशी हमी तिने कधी मागितलीच नसावी. घाबरली होतीच, बोटीत चढताना हात थरथरत होते असं तीच सांगते. पण पाणी अंगणात असतानाच पिठाचा डबा, औषधं, कागदपत्रं, देव, सगळं वर गेलं होतं. समोरच्या आजींना हाक मारून त्यांच्या गोळ्या घेतल्या का, ते दिवसातून तीनदा विचारत होती. मी पुण्यात कोरडा बसून नुसता रिफ्रेश दाबत होतो. तिचे हात चालू होते.

ब्रह्मनाळच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालेलं नाही. तिलाही नाही. तरी ती दिवा लावते आणि विचारत राहते. संकटातला विश्वास म्हणजे बहुतेक हेच असावं... उत्तर आलं नाही तरी बोलणं तोडायचं नाही.

जुलै २०२१ मध्ये सांगलीत पुन्हा पाणी शिरलं. मी फोन करून आयर्विनची पातळी सांगितली. ती म्हणाली, "बरं. मारुती बघतोय. तू तासाने परत बघून सांग, मी डबे वर नेते."