कडेवरचं धाकटं

‘आईची माया अन् पोर जाईल वाया’ ही म्हण जूनच्या मध्यावर शाळेच्या फाटकाशी हमखास ऐकू येते. पोराने आईची ओढणी मुठीत घट्ट धरलेली असते, बाई एकेक बोट सोडवत असतात, आणि शेजारची एखादी अनुभवी आजी सांगते, “तू नीघ बघू. तू दिसतेस म्हणून तो रडतो.” पुष्कळदा ते खरंही ठरतं. आई कोपऱ्यावर वळेपर्यंत पोर ठोकळे रचायला बसलेलं असतं. म्हणूनच ही म्हण सहजासहजी खोडून काढता येत नाही.

तिचा सगळा रोख मायेवर आहे. मूल रडलं की चूक आईची, तिने फार जवळ घेतलं. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी बाल्टिमोरमध्ये वर्षभराच्या मुलांचं निरीक्षण केलं, तेव्हा मात्र वेगळं दिसलं. आई खोलीबाहेर गेल्यावर रडणारी, ती परतताच बिलगणारी आणि थोड्याच वेळात पुन्हा खेळण्यांकडे वळणारी मुलं बहुधा अशा घरांतली होती, जिथे त्यांच्या रडण्याला एरवीही लगेच ओ मिळत होती. काही मुलं रडलीच नाहीत. आई गेली काय, आली काय, त्यांना फरक पडत नाही असं वाटलं. पुढे १९७७ मध्ये स्राउफ आणि वॉटर्स या संशोधकांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले. चेहरा कोरा, ठोके मात्र वाढलेले.

मग फाटकातून मुकाट्याने आत जाणाऱ्या मुलाला शाबासकी द्यावी, की त्याच्याजवळ जरा जास्त वेळ बसावं? तीन वर्षांचं मूल म्हणजे वर्षाचं तान्हं नव्हे आणि वर्ग म्हणजे प्रयोगाची खोली नव्हे, हेही खरंच.

नवं मूल रुळावं म्हणून जर्मनीतल्या अनेक बालवाड्यांत ‘बर्लिन पद्धत’ चालते. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर वर्गातच थांबतात. त्या दिवसांत त्याला सोडून जायचंच नाही. चौथ्या दिवशी काही मिनिटं बाहेर जाऊन पाहायचं. ऐकायला फार छान वाटतं. पण रोजंदारी बुडवून तीन दिवस कोणती आई बसेल?

इथे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांची आठवण येते, आणि ती आली की बाकीचं मागे पडतं. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम करून आलेल्या ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र काढलं; सोबत अनुताई वाघ. पाड्यांवरची मुलं केंद्रात येईनात. तेव्हा बालवाडीच उठून पाड्यावर गेली आणि अंगणात, झाडाखाली भरू लागली. मुलांना अंघोळी घालायच्या, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी. घर हाकेच्या अंतरावर. आईपासून तोडणारं फाटकच तिथे नव्हतं.

तरी मोठ्या मुली शाळेत येईनात, कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंड असे. पुढे कोसबाडला त्यावर विकासवाडीचा तोडगा निघाला: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. ताईने धाकट्याला घेऊनच यायचं. धाकट्याला शाळा रुळायला याहून चांगली सोय दुसरी नसेल. पण ताईचं काय? पलीकडून ओळखीचं रडू कानावर आलं की तिचं लक्ष पाटीवर राहत असेल का? घरातली जवळीक एकाला शाळेत आणते आणि दुसरीला अर्धवट घरातच ठेवते, असं तर होत नसेल? की भावंड नजरेसमोर आहे एवढ्यानेच तिचा जीव थाऱ्यावर राहत असेल?

आजही कितीतरी अंगणवाड्यांत धाकट्याला पोचवायला आठ-नऊ वर्षांची ताईच येते. ते रडू लागलं की सेविकाताई म्हणतात, “जरा बस गं त्याच्याजवळ.” बर्लिनमध्ये जे काम आईबाबांचं, ते इथे तिच्याकडे येतं. थांबावं तर तिची प्रार्थना चुकते, पहिला तास बुडतो. निघावं तर धाकटं तिच्यामागे रस्त्यापर्यंत धावत येतं.