समासातील नोंदी

जुने सुपा गाव काळी नदीच्या पाण्याखाली गेले, त्यास आता चार दशके होत आली. धरण १९८७ साली पूर्ण झाले. तालुक्याची कचेरी जोयड्यास गेली आणि आमच्यासारखी पुष्कळ बिऱ्हाडे रामनगरास आली. देव, भांडी व धान्य यांच्याबरोबर आमची पुस्तकांची पत्र्याची पेटीही आली. पावसाळ्यात इकडे घडीच्या कपड्यांनाही बुरशी येते, तेथे पुस्तकांची कथा काय सांगावी! निम्मी पेटी वाळवीने व कसरीने फस्त केली. उरलेल्यांत हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी होती, तीही अखेरची पाने गमावलेली.

आईची दृष्टी मंदावली तेव्हा भाच्याने तिला टॅब्लेट आणून दिला. आम्हांस ते रुचले नाही. कागदाचा वास, पानांचा स्पर्श, जे सगळेच म्हणतात ते आम्हीही म्हणालो (त्या वासात बुरशीचा वाटा किती, हे सोयीस्करपणे विसरून). एक आक्षेप मात्र वजनदार होता. २००९ साली ॲमेझॉनने ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ ही कादंबरी ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली होती. ती प्रत विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसेही परत दिले गेले. पण कपाट उघडून पुस्तक घेऊन जाणारा दुकानदार आम्ही तरी पाहिलेला नव्हता.

“मामा, हरिभाऊंना ती भीती नाही,” भाचा म्हणाला. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो, आणि हरिभाऊ १९१९ साली वारले. त्याने निवडलेली प्रतही योग्य होती. पानाचे नुसते छायाचित्र मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते. टंकलेला मजकूर मात्र अक्षर वाढविले तरी ओळी नव्याने जुळवून घेतो. कित्येक वर्षांनी आईने कादंबरी स्वतःच्या डोळ्यांनी वाचली, वाळवीने खाल्लेला शेवटही वाचला. आमचा आक्षेप तेथेच लटका पडला.

तिचे समाधान मात्र झाले नाही. छापील प्रतीच्या समासांत आजीचे हस्ताक्षर होते. आजी याच पुस्तकावर वाचावयास शिकली, आणि घरातील जन्ममृत्यूही तिने तेथेच टिपले. टॅब्लेट वाचन किती झाले ते टक्क्यांत सांगतो, जुन्या पानाचा आकडा सांगत नाही. म्हणून आई जुनी प्रत मांडीवर घेऊन बसे आणि विचारी, “इथे सासूबाईंनी काय लिहिलंय, बघ बरं.”

एका समासात आमच्या वडिलांच्या थोरल्या भावाचा जन्म नोंदलेला आहे. त्याखाली अकराव्या दिवसाची तिथी. बारसे झालेच नाही, त्यामुळे ते मूल बिननावाचे राहिले आणि त्याचा विषयही घरात कधी निघाला नाही. तिथीखाली पेन्सिलीचे काहीसे पुसट होते; आम्ही तो डागच समजत आलो.

प्रत आणखी एक पावसाळा काढील याची खात्री नव्हती, म्हणून गेल्या श्रावणात भाच्याने त्या पानांची छायाचित्रे काढून टॅब्लेटवर ठेविली. आईने दोन बोटांनी तो समास वाढविला, आणखी वाढविला, आणि थांबली.

“सासूबाईंनी नाव ठरवून ठेवलं होतं,” ती म्हणाली, आणि ते तिने आम्हांस वाचून दाखविले. वडील जाऊन सहा वर्षे झाली होती. त्यांनाही ते ठाऊक नव्हते.