कल्याणच्या वाटेवर

मुलुंडला राहून मला अकरा वर्षं झाली, पण कल्याण म्हणजे माझ्या लेखी गाडीच्या तोंडावरची पाटी! उतरण्याचा योग श्रावणात आला, नात्यातल्या एका मुलीच्या मंगळागौरीला.

वन्सं घाटकोपरला चढल्या, मी मुलुंडला. बायकांचा डबा ठरवलेलाच होता. वन्संचा चेहरा मात्र उतरलेला. लेकीला मिरजेच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळालाय, पेढे वाटायचे तर ह्या म्हणतात, "नकोच ते. एकटी पोर वसतिगृहात खाईल काय गं वहिनी? बोलेल कुणाशी?"

मी म्हटलं, "वन्सं, आपण जातोय ते गाव कुणाचं, ठाऊक आहे ना?"

हा लोहमार्ग १८५३ साली ठाण्यापर्यंत आला आणि १८५४ साली कल्याणला पोचला. तिथली यमुना जोशी, लग्नानंतरची आनंदीबाई, १८६५ साली जन्मली. नवव्या वर्षी लग्न. चौदाव्या वर्षी मूल झालं, ते दहा दिवसांत गेलं. एवढं शाळेत मी मुलींना दरवर्षी सांगते, आणि पुढे थेट पदवी, क्षय नि मृत्यू! मधली तीन वर्षं ही मुलगी कॉलेजात राहिली कशी, ते आपण विचारतच नाही.

गाडी मुंब्र्याला आली. डोंगरावरून पाण्याच्या पांढऱ्या धारा. वन्संचं लक्ष नव्हतं. मी सांगत राहिले.

१८८३ साली, अठराव्या वर्षी, ती नवऱ्याशिवाय बोटीने अमेरिकेला गेली. बंदरावर उतरवून घ्यायला कार्पेंटरबाई. ह्या बाईंनी दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या एका मासिकात तिची हकिगत वाचली आणि पत्र धाडलं. तिथून पत्रांचं नातं जुळलं. आनंदी त्यांना मावशी म्हणे. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात जाण्याआधीचे महिने ती ह्या मावशीच्याच घरी, रोझेलला राहिली.

कॉलेजात थंडी मरणाची. थंडीसाठी नऊवारी सोडून गुजराती पद्धतीने साडी नेसू लागली, पण साडी सोडली नाही. मांसाहार नाही, म्हणजे अभ्यास सांभाळून रांधणंही आलंच. तब्येतीने त्याची किंमत मोजली, हे मला खटकतं. पण कोपऱ्यात बसून राहिली नाही हं! १८८५ सालच्या ऑक्टोबरातला एक फोटो आहे. आनंदी, जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लामबूली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात, एकीची भाषा दुसरीला येत नसणार, इंग्रजीवरच भागवायचं. तिघी तिथूनच डॉक्टर झाल्या.

१८८६ च्या मार्चमध्ये आनंदीला पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या. व्हिक्टोरिया राणीचा संदेशही आला.

"आणि मग?" वन्संनी विचारलं. मग काय, १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्याला गेली, बावीस पुरी व्हायच्या आत. रक्षा कार्पेंटर मंडळींनी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवून घेतली. वन्संनी डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, संपलं, आता लेकीला धाडत नाहीत!

मंगळागौर छान झाली. फुगड्यांनी माझे गुडघे मात्र बोलू लागले. दुपारी दोघी पारनाक्याकडे चालत गेलो. जुने वाडे थोडेच उरलेत, मधूनमधून इमारती आणि रिक्षांची गर्दी. १८६४ साली सुरू झालेलं सार्वजनिक वाचनालय अजून आहे, आनंदीपेक्षा एका वर्षाने मोठं! वन्सं पाटीसमोर बऱ्याच वेळ उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत.

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली. डोंबिवली गेली, दिवा गेलं.

"वहिनी," वन्सं एकदम म्हणाल्या, "मिरजेत आपलं कुणी आहे का गं?"

माझ्या आईची मावसबहीण ब्राह्मणपुरीत राहते. रविवारी जेवायला बोलावील, आजारपणात मऊभात पाठवील, अशी बाई आहे. तसं सांगितलं.

मुलुंड आलं. मी उतरले, तर खिडकीतून हाक आली, "पत्ता आजच कळव हं! आणि त्यांना लोणचं कसलं आवडतं, तेही विचार!"