कोयते गावात असतानाची नोंद

बाहेर पाटोदा म्हटले की लोक संभाजीनगरजवळच्या आदर्श गावाबद्दल बोलू लागतात. हे ते नव्हे. हा बीड जिल्ह्यातला, बालाघाटच्या माथ्यावरचा तालुका. गवखडीला मांजरा उगम पावते, सौताड्याला विंचरणा कड्यावरून कोसळते. नायगावला 1994 साली मोरांसाठी अभयारण्य झाले, सुमारे 30 चौरस किलोमीटरचे.

*

अभयारण्य वनखात्याचे. पण मोर दिवसा शिवारात चरतो आणि रात्री बसायला त्याला उंच झाड लागते. ते झाड बऱ्याचदा बांधावर नाहीतर ओढ्याला असते. तिथे वनरक्षक नसतो. तिथे गावच हवे.

*

गावाला यात आणणारा जैवविविधता कायदा 2002 चा. कलम 41 प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची, नियमांप्रमाणे तिने लोकजैवविविधता नोंदवही करायची. वर्षानुवर्षे कागद हलला नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली. चुकली तर राज्याने महिना 10 लाख रुपये भरपाई भरायची. मग देशभर घाई सुटली.

घाईची नोंदवही लगेच कळते. वड, पिंपळ, कडुनिंब. कुठल्याही तालुक्यात खपेल अशी यादी. माहीतगाराला विचारून केलेल्या वहीत कोणत्या ओढ्याचा डोह मे महिन्यातही आटत नाही ते असते. कोणत्या गायरानात चराईने मारवेल गवत संपून नुसती कुसळी उरली, तेही असते.

*

पण माहीतगार आहेत कुठे? दिवाळीच्या सुमारास उचल (आगाऊ मजुरी) घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, मुकादमाबरोबर बाहेर पडतात, ते मार्च-एप्रिलला परततात. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला गावात म्हातारी माणसे आणि लेकरे. लवादाची मुदतही नेमकी गाळपाच्या ऐन हंगामातली! समितीत एक तृतीयांश बाया हव्यात, असे नियम सांगतो. कुर्डू, तरवटा, पाथरी या रानभाज्या कुठे उगवतात हे ज्यांना ठाऊक, त्या तेव्हा उसाच्या फडात मोळ्या बांधत असतात. याचा मला फार राग येतो.

*

आता पैशाचे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला. जैवविविधतेच्या नावाने वेगळे काही नाही. मात्र व्यापारासाठी माल गोळा करणाऱ्याकडून शुल्क घेण्याचा अधिकार कलम 41 नेच समितीला दिला आहे. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. फळाला डोळे पडू लागले की डोंगरातला माल टेंपोत चढतो. गायरानातून टेंपो भरणाऱ्याकडून शुल्क जरूर घ्यावे. रस्त्याकडेला पाटी घेऊन बसलेल्या बाईकडून एक रुपयाही नको.

*

1 मेच्या ग्रामसभेला कोयते परतलेले असतात. नोंदवही तेव्हा मोठ्याने वाचावी, चुकेल तिथे बायांनी थांबवावे, ग्रामपंचायत अधिकाऱ्याने तिथल्या तिथे दुरुस्ती करावी. रानभाज्यांची पाने पावसाळा लागल्यावर, 15 ऑगस्टच्या सभेपर्यंत भरता येतील.