पाच वर्षांची मुदत

जुनी वस्तू विकत घ्यायची म्हटली, की अगदी साध्याभोळ्या माणसाच्या अंगातही गुप्तहेर संचारतो. माझ्या अंगात तो गेल्या पावसाळ्यात संचारला. त्याचे असे झाले, की आमच्या सौभाग्यवतीच्या गुडघ्यांनी एस. टी.च्या पायऱ्यांशी असहकार पुकारला. तिचे माहेर वाईचे. तिथे थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. पुण्याहून वाई ती काय लांब! पण पायरीच चढवेना म्हटल्यावर वाई काय आणि काशी काय, सारखीच.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, नवी गाडी घ्या, हप्त्यांवर." पण पेन्शनीत निघालेल्या माणसाने हप्ते गळ्यात बांधून घेऊ नयेत. मी जुनीच, लहानशी गाडी पाहायचे ठरवले.

ओळखीच्या मिस्त्रींना बरोबर घेतले. पहिली गाडी नव्या नवरीसारखी चकचकीत. मीटरवर अवघे तीस हजार किलोमीटर. मी भाळलो. मिस्त्री मात्र खाली वाकले आणि ब्रेकच्या पेडलवरचे गुळगुळीत झालेले रबर दाखवून हळूच म्हणाले, "साहेब, मीटर मागे फिरवता येतो. रबर झिजायचे ते झिजतेच."

दुसरी गाडी एका निवृत्त मास्तरांची. वॅगन-आर, २०१३ सालची. मिस्त्रींनी आधी इंजिनावर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री करून घेतली. आधीच तापवून ठेवलेले इंजिन आपली कुरकुर लपवते म्हणे. मग ते चालू करून तेलाचे झाकण उघडले. धूर नाही. दारांच्या कडांचे रबर ओढून पत्र्याचे सांधे पाहिले. अपघाताची डागडुजी तिथे उघडी पडते. मी आर. सी. बुक, विमा, पीयूसी चाळले. कर्जाचा बोजा नव्हता.

आम्ही काही विचारण्यापूर्वी मास्तरच म्हणाले, "क्लच बदलायला आलाय. डाव्या दारावरचा पोचा माझ्या हातचा. आता नीट दिसत नाही, म्हणून विकतो आहे."

एवढ्या सरळ माणसाशी घासाघीस करणे अवघड. तरी मी ठेवणीतले हत्यार काढले. "२०२८ मध्ये हिची पंधरा वर्षे भरतील. मग तपासणी. त्यात पास झाली, तरी मुदत पाचच वर्षांची!"

मास्तर हसले. "तुमच्या लायसन्सला किती वर्षांची मिळते?"

मी गप्प झालो. पंचावन्न उलटल्यापासून सरकार मलाही पाच-पाच वर्षेच देत आले आहे.

तेवढ्यात मागे दार वाजले. सौ. गाडीत जाऊन बसली होती. आसन खुर्चीसारखे उंच. ती बसली, उतरली, पुन्हा बसली, कुणाचाही हात न धरता. मग आतूनच म्हणाली, "अहो, ताईकडे आपल्याला अजून किती वर्षे जायला मिळणार आहे?"

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, मिस्त्रींकडेही नव्हते. मास्तरांनी क्लचच्या खर्चाएवढे पैसे आपण होऊन कमी केले. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. किल्ली देताना त्यांनी टपावरून एकदा हात फिरवला. मी दुसरीकडे पाहिले.

क्लच बदलून झाला आहे. यंदा फराळाचा डबा घेऊन आम्ही स्वतःच वाईला जाणार आहोत. मुदत आहे, तोवर जाऊन यावे.